घरातून चालवलेलं ऑफिस

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतून शिकून पुण्याला, मुंबईला, हैदराबादला गेलेल्या मुलांविषयी आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. जी गावात राहिली त्यांच्याविषयी फारसं कोणी बोलत नाही. लग्न होऊन उदगीरला किंवा देगलूरला आलेली एम.कॉम. झालेली सून, नीटचे प्रयत्न करून शेवटी बी.एस्सी.ला बसलेला मुलगा, एमपीएससीची पूर्व निघाली पण मुख्य हुकली अशी पंचविशी ओलांडलेली मुलगी, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना सोडून जाता येत नाही असा एकुलता एक मुलगा, चालायला त्रास असल्यामुळे रोजची एसटी पकडू न शकणारी पदवीधर. यांना टायपिंग येतं, हिशेब येतो, मन लावून तासन्‌तास बसायची सवय तर लातूर पॅटर्नने लावलेलीच असते. काम मात्र त्यांच्या दारापर्यंत येत नाही. लेखिकेने हे पुस्तक त्यांच्यासाठी लिहिलं आहे.

व्हर्च्युअल असिस्टंट, किंवा या क्षेत्रातले लोक म्हणतात तसं ‘व्हीए’, म्हणजे दुसऱ्याच्या कामातला लिहिण्याचा, आठवण ठेवण्याचा आणि पाठपुराव्याचा भाग आपल्या घरून, ठरलेल्या मोबदल्यात सांभाळणारी व्यक्ती. डॉक्टरांच्या अपॉइंटमेंट लावायच्या, रद्द झालेली वेळ दुसऱ्या पेशंटला द्यायची. व्यापाऱ्याची महिन्याची बिलं गोळा करून मुदतीच्या आत कर सल्लागाराकडे पोहोचवायची. कोचिंग क्लासच्या पालकांचे फोन आणि मेसेज बघायचे. आलेल्या ई-मेलमधून मालकाने स्वतः वाचायलाच हवेत एवढे बाजूला काढायचे, बाकीच्यांना उत्तरं द्यायची. तिकिटं काढायची, मीटिंगचं टिपण लिहायचं, थकलेल्या बिलाची आठवण सभ्य शब्दांत पण न चुकता करायची. यातलं कोणतंही एक काम बारावी झालेल्या मुलीला चार दिवसांत शिकवता येतं. तेच काम कोणी आठवण न करता वर्षभर त्याच नेटकेपणाने करत राहणं फार थोड्यांना जमतं, आणि क्लायंट पैसे देतो ते त्याचे. पासवर्ड, बँकेची स्टेटमेंट, पेशंटची माहिती, घरगुती अडचणी हे सगळं तो एका न पाहिलेल्या माणसाच्या हाती देतो. संगणक येणं ही इथे पहिली पायरी झाली. कमाई होते ती विश्वासावर, असं माझं ठाम मत आहे, आणि या पुस्तकाची मांडणीही त्याच मतावर उभी आहे.

असं काम मराठवाड्याला अनोळखी नाही. लातूरच्या आडत बाजारात आणि नांदेडच्या मोंढ्यात मुनिमांच्या पिढ्या गेल्या. शेतकऱ्याची पट्टी, हमाली, तोलाई, उचल, सगळं त्यांच्या वहीत असे आणि मालकाच्या आधी त्यांना माहीत असे. तहसील कचेरीसमोर टेबल टाकून अर्ज लिहून देणारे होते. प्रत्येक तालुक्याच्या गावी टायपिंग इन्स्टिट्यूट होती, तिथे मराठी तीस, इंग्रजी चाळीस असं म्हणत मुलं मशीनवर बोटं चालवायला शिकत. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची टायपिंगची परीक्षा आता संगणकावर होते, मशीन गेली, पण तीस-चाळीसची भाषा अजून तशीच आहे. २००१ मध्ये एमएस-सीआयटी आली आणि खेड्यातल्या मुलीने संगणकाला हात लावायची सोय झाली. पाठोपाठ सेतू केंद्रं आली, डीटीपीची दुकानं वाढली. श्रीलिपी आणि कृतिदेवमध्ये वर्षानुवर्षं टाइप करणारे कितीतरी हात या दोन जिल्ह्यांत आहेत. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणून तपासून देणं हे आज प्रकाशकांना, संस्थांना, वकिलांना हवं असलेलं काम आहे, आणि ते करणाऱ्याला मराठी शुद्धलेखन यावं लागतं. हे कौशल्य आपल्याकडे पडून आहे.

पण मला या कामाचं सगळ्यांत जवळचं पूर्वरूप दिसतं ते वेगळ्याच ठिकाणी, भूकंपानंतरच्या किल्लारी परिसरात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावं जमीनदोस्त झाली. जी पूर्ण पडली त्यांचं पुनर्वसन नव्या जागी झालं. पण त्याहून कितीतरी जास्त गावांत घरं उभी होती, तडे गेलेली, आणि त्यांची दुरुस्ती व मजबुतीकरण घरमालकांनीच सरकारी मदतीतून करायचं होतं. इंजिनियर एका भाषेत बोलायचा, घरमालक दुसऱ्या. कोणाचा हप्ता कुठे अडला, सिमेंटचं कूपन आलं की नाही, भिंतीत कोपऱ्याला बांध कसा घालायचा, हे कोणीतरी दारोदार जाऊन सांगणं, लिहून ठेवणं आणि वर कळवणं गरजेचं होतं. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखाली गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना या कामात आणलं. त्यांना नाव मिळालं ‘संवाद सहायक’. त्यातल्या अनेकींनी तोवर ग्रामपंचायतीची पायरीही चढलेली नव्हती. त्यांनी नोंदी ठेवल्या, अडलेली कामं हलवली, साहेबासमोर उभं राहून प्रश्न विचारले. पुढे याच बायका बचत गटांच्या हिशेबात आल्या. गटाची सचिव आज जे करते, म्हणजे बैठकीचं इतिवृत्त, कर्जाचं रजिस्टर, बँकेचं पासबुक, थकलेल्या हप्त्याचा तगादा, ते व्हीएच्या कामापासून फार दूर नाही. म्हणून ‘मला अनुभव नाही’ असं म्हणणाऱ्या बाईला हे पुस्तक आधी विचारतं, की गटाचं रजिस्टर घरात कोण लिहितं?

बाहेरच्या जगात या कामाचा उगम शोधायला गेलं तर आपण इंग्लंडमध्ये १९६२ साली पोहोचतो. स्टेफनी शर्ली या तरुण प्रोग्रॅमरने सहा पौंडांच्या भांडवलावर ‘फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स’ ही कंपनी घराच्या जेवणाच्या टेबलावर सुरू केली. लग्न झालं, मूल झालं म्हणून नोकरी सुटलेल्या हुशार बायकांना तिने घरून प्रोग्रॅमिंगचं काम दिलं. स्त्रीच्या नावाच्या पत्रांना कोणी उत्तर देत नाही हे लक्षात आल्यावर ती ‘स्टीव्ह’ अशी सही करू लागली. फोनवर बाळाचं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप ती मागे लावून ठेवत असे. पहिल्या तीनशे कर्मचाऱ्यांत पुरुष केवळ तीन होते, आणि काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सच्या विश्लेषणाचं काम या कंपनीने केलं. घरून काम करणारी माणसं दुय्यम दर्जाचं काम करतात हा समज तिथेच निकालात निघायला हवा होता. तो अजून निघालेला नाही.

‘व्हर्च्युअल असिस्टंट’ या नावाने हे काम उभं राहिलं ते १९९०च्या दशकातल्या अमेरिकेत, ई-मेल घरोघरी पोहोचल्यावर. तेव्हापासून आजवर या क्षेत्रात तीन वाटा पडल्या आहेत. नवख्या माणसाने त्या ओळखून घ्याव्यात, कारण प्रत्येक वाटेचं अर्थकारण वेगळं आहे आणि यूट्यूबवरचे शिकवणारे बहुतेक वेळा एकीचे नियम दुसरीवर लावतात.

पहिली वाट नात्याची. स्टेसी ब्राइस यांनी १९९७ मध्ये स्थापन केलेली ‘असिस्टयू’ आणि क्रिस्टीन डर्स्ट यांची ‘स्टाफसेंट्रिक्स’ या संस्थांनी ती घालून दिली. मोजके क्लायंट, वर्षानुवर्षांचा संबंध, महिन्याचा ठरलेला मोबदला. स्टाफसेंट्रिक्सने अमेरिकन सैनिकांच्या पत्नींना या कामाचं प्रशिक्षण दिलं. नवऱ्याची बदली झाली की त्यांची नोकरी सुटायची, आता काम त्यांच्याबरोबर फिरू लागलं. बदलीच्या नोकरीतल्या शिक्षकाची, पोलिसाची, तलाठ्याची बायको आपल्याकडेही त्याच अडचणीत असते.

दुसरी वाट बाजाराची. १९९९ मध्ये इलान्स आलं, नंतर ओडेस्क. २०१३ मध्ये दोन्हींनी एक होण्याचं जाहीर केलं आणि २०१५ पासून ते ‘अपवर्क’ या नावाने ओळखले जाऊ लागले. २०१० मध्ये फायवर आलं, जिथे सुरुवातीला प्रत्येक काम पाच डॉलरचं असे. या बाजारात जगभरची माणसं एकाच कामासाठी बोली लावतात. फायवर आजही काम करणाऱ्याच्या कमाईतला पाचवा हिस्सा स्वतःकडे ठेवतं. इथे काम मिळत नाही असं नाही, पण पहिलं काम मिळेपर्यंतचा काळ लांबतो, आणि त्या काळात अनेक जण आपला दर इतका खाली आणतात की नंतर तो वर नेता येत नाही.

तिसरी वाट कंपनीची, आणि तिचा भारताशी जवळचा संबंध आहे. कर्नाटकचे माजी आयटी सचिव विवेक कुलकर्णी यांच्या बंगळुरूच्या ‘ब्रिकवर्क’ने परदेशी अधिकाऱ्यांना इथे बसलेले साहाय्यक पुरवायला सुरुवात केली. टीटीके समूहाची ‘युअर मॅन इन इंडिया’ ही सेवा परदेशातल्या भारतीयांची इथली अडलेली कामं करून देण्यासाठी निघाली आणि पुढे ‘गेटफ्रायडे’ झाली. थॉमस फ्रीडमन यांनी २००५ मध्ये जगाच्या सपाट होण्याविषयी लिहिलं, टिम फेरिस यांनी २००७ मध्ये आठवड्याला चार तास काम करण्याचं स्वप्न विकलं. दोघांच्याही पुस्तकांत बंगळुरूचे हे साहाय्यक आहेत. पण या पुस्तकांत साहाय्यक दिसतो तो मालकाच्या डोळ्यांनी. त्याचा दिवस कसा जातो, त्याच्या हाती किती उरतं, हे त्यांत सापडत नाही. मराठीतलं हे पुस्तक टेबलाच्या या बाजूने लिहिलेलं आहे, हे मला त्याचं मोठं मोल वाटतं.

मग नांदेड-लातूरच्या माणसाने कोणती वाट धरावी? माझं उत्तर पहिली, आणि तीही घराजवळून सुरू होणारी. अमेरिकन क्लायंटच्या मागे लागण्याआधी आपल्या शहराकडे बघावं. नांदेडच्या डॉक्टर्स लेनमध्ये दवाखान्यांच्या रांगा आहेत आणि बऱ्याच ठिकाणी फोन उचलायला एकच मुलगी असते, तीच पेशंटला आत सोडते, तीच पावती फाडते. लातुरात गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांवर दुकानं आहेत, पलीकडे डाळ मिल आहेत, क्लासेस आणि हॉस्टेल आहेत. नीट आणि सीईटीच्या निकालानंतर प्रवेशफेऱ्यांचे दिवस येतात तेव्हा पालक कागदपत्रं आणि पसंतीक्रम घेऊन वणवण फिरतात. धर्माबादच्या मिरची व्यापाऱ्याला, उदगीरच्या डाळ मिलवाल्याला परराज्यातल्या खरेदीदाराचं ई-मेल वाचून नीट उत्तर देणारं माणूस हवं असतं, पण पूर्णवेळ नोकर परवडत नाही. रोज दोन तासांचं काम करणारं विश्वासू माणूस परवडतं. पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या आपल्याच भागातल्या डॉक्टर, वकील, बिल्डर मंडळींचं वर्तुळ त्यापलीकडे आहे, आणि त्याहून पलीकडे परदेशातली मराठी कुटुंबं. आईवडील गावी एकटे आहेत, घरपट्टी भरायची आहे, सातबारा काढायचा आहे, दवाखान्याची वेळ घ्यायची आहे, असली कामं त्यांच्या डोक्यावर कायम असतात. सातबारा म्हणजे काय हे ज्याला समजावून सांगावं लागत नाही असा साहाय्यक त्यांना मनिलात मिळणार नाही.

स्थानिक क्लायंटच्या अडचणीही मी लपवणार नाही. तो कमी देतो. महिन्याचं ठरलेलं असताना ‘ताई, एवढं जरा बघून घ्या’ म्हणत कामं वाढवतो. समोर बसलेलं माणूसच काम करतं अशी त्याची समजूत असते. लेखी करार म्हटला की त्याला अविश्वास वाटतो. म्हणूनच पहिले धडे तिथे घ्यावेत असं मला वाटतं. कामाची यादी कागदावर आणणं, वाढीव कामाचे वाढीव पैसे शांतपणे मागणं, महिन्याअखेरीस काय काय केलं याचा हिशेब देणं हे ज्याला ओळखीच्या शेठजींसमोर जमलं, त्याला लंडनच्या अनोळखी माणसासमोर जड जात नाही.

आपल्याकडच्या एका भांडवलाचा हिशेब आपण कधीच करत नाही. देगलूर, बिलोली, धर्माबादकडच्या घरांत तेलुगू कळते. उदगीर, निलंगा, देवणीकडे कानडी. नांदेड शहरात दखनी आणि उर्दू बाजारातच शिकायला मिळते, तख्त हजूर साहिबमुळे पंजाबी कानावर असते, तांड्यांवर गोरबोली आहे. सीमेवरच्या तालुक्यातली मुलगी सहज तीन-चार भाषांत फोन उचलू शकते आणि आपल्या माहितीपत्रकात मात्र ‘इंग्रजी, हिंदी’ एवढंच लिहिते, कारण बाकीच्या भाषा तिला घरच्या वाटतात, कामाच्या वाटत नाहीत. हैदराबादच्या कंपनीला मराठवाड्यातल्या ग्राहकांशी बोलायचं असेल तर तिच्याइतकं योग्य माणूस कोण? इंग्रजीची भीती ही याच नाण्याची दुसरी बाजू. या कामात इंग्रजी बहुतेक वेळा लिहायची असते, छोट्या वाक्यांत, विचार करून. ती सरावाने येते.

आत्ताच हे पुस्तक का, याची कारणं सरळ आहेत. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं आणि पाण्याला मोताद झालेल्या याच जिल्ह्यात डेटा स्वस्त झाला. मार्च २०२० च्या टाळेबंदीत पुण्याहून परतलेली मुलं गावातल्या माळवदावर, जिथे रेंज मिळेल तिथे, लॅपटॉप घेऊन बसली. ऑफिसात न येताही काम होतं हे तेव्हा मालकांनीही पाहिलं आणि घरच्यांनीही. लाइट अजून जाते, वळवाच्या पावसात तर हमखास. म्हणून इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं सिम हे या धंद्याचं भांडवल समजायचं.

तिसरं कारण ताजं आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. तेव्हापासून साधी डेटा एन्ट्री, ऑडिओवरून टायपिंग, ठरावीक साच्यातली पत्रं ही कामं यंत्राकडे सरकत आहेत. जो क्लास आजही केवळ डेटा एन्ट्री शिकवून घरून कमाईचं आश्वासन देतो तो मुलांचे पैसे वाया घालवतो, हे मला स्पष्ट लिहिलं पाहिजे. पण गुरुवारी डॉक्टर ऑपरेशनमध्ये असतात, त्या दिवशी कोणता फोन तरीही जोडून द्यायचा. अमुक खरेदीदार तीन आठवणींशिवाय पैसे देत नाही आणि चौथीला चिडतो. हे ज्ञान यंत्रात नसतं. यंत्राने लिहिलेलं पत्र पाठवण्याआधी तारीख, रक्कम आणि नाव तपासून त्याची जबाबदारी घेणारं माणूस लागतंच. शिवाय पेशंटची यादी किंवा क्लायंटचे हिशेब फुकटच्या एआय साधनात टाकून मोकळं होणं हा विश्वासघात आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर तर ते कायद्याच्या दृष्टीनेही जोखमीचं आहे.

फसवणुकीविषयी या पुस्तकात मोठा भाग आहे, आणि तो पुढे न ढकलता सुरुवातीलाच घ्यावा असा आग्रह मी धरला. ‘घरबसल्या कमवा’ची जाहिरात बसस्टँडच्या भिंतीवर होती तेव्हाही फसवत होती, आता ती व्हॉट्सअ‍ॅपवर येते. नोंदणी फी किंवा डिपॉझिट मागणारं काम हे काम नसतं. काही ठिकाणी फॉर्म भरायला देतात, इतक्या टक्के अचूकता हवी अशी अट घालतात, मुद्दाम नापास करतात आणि मग वकिलाच्या नावाने नोटीस पाठवून ‘करारभंगाचा दंड’ मागतात. घाबरलेली मुलगी घरात न सांगता अंगावरचं सोनं गहाण ठेवते, इतपत हे जाऊ शकतं. हॉटेलांना रेटिंग द्या, आधी थोडे पैसे मिळतील, मग मोठ्या टास्कसाठी तुम्ही पैसे भरा, ही दुसरी तऱ्हा. तिसरी सगळ्यांत घातक: ‘आमचे पैसे तुमच्या खात्यात येतील, तुम्ही पुढे पाठवा, कमिशन ठेवा.’ त्यात खातं गोठतं आणि पोलीस दारात येतात, कारण ते पैसे दुसऱ्या कोणाच्या फसवणुकीतले असतात. १९३० हा सायबर मदतीचा क्रमांक पाठ असावा. आणि घरात सांगावं, त्याच दिवशी. फसवणारा माणूस आपल्या लाजेवरच जगतो.

घरून कामाचा इतिहास गोड नाही, हेही इथे सांगायला हवं. सोलापुरात आणि शेजारच्या निजामाबाद जिल्ह्यात बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या घरात बसून विड्या वळल्या. पानं-तंबाखू मोजून मिळे, विड्या मोजून घेतल्या जात, आणि खराब ठरवलेल्या विड्यांचे पैसे कापले जात. १९६६ चा विडी-सिगार कामगार कायदा घरी काम करणाऱ्यांपर्यंत पोहोचवण्यासाठी लढे द्यावे लागले. घरी काम करणारी बाई एकटी असते, शेजारणीला काय दर मिळतो हे तिला कळत नाही, आणि कामाचे तास घरकामात मिसळून जातात. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाची सुरुवात केली, तेव्हा पापड घरी लाटायचे असले तरी मालकी सगळ्यांची ठेवली. घरून कामाचे हे दोन्ही नमुने आपल्याच राज्यात आहेत. लॅपटॉपवर काम करणारी मुलगी आपोआप दुसऱ्या नमुन्यात जात नाही. तासाला किती पडलं हे न मोजता ती कामं घेत राहिली तर तिची गत विडी कामगारासारखीच होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरून काम करणाऱ्यांविषयीचा करार १९९६ मध्ये केला, भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरून काम करणाऱ्यांची आणि प्लॅटफॉर्मवरच्या कामगारांची व्याख्या आली आहे, हे पहिलं पाऊल म्हणता येईल. प्रत्यक्ष संरक्षण मात्र आज तरी आपल्या करारातूनच येतं.

पैशांची बाजू लेखिकेने सविस्तर मांडली आहे, मी दोनच गोष्टी उचलतो. एक म्हणजे वेळ. दुबईत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेदहा झालेले असतात. लंडनला नऊ म्हणजे आपली दुपारची दीड किंवा अडीच. न्यूयॉर्कला नऊ म्हणजे आपली संध्याकाळची साडेसहा किंवा साडेसात, आणि त्यांचा दिवस संपेपर्यंत आपली मध्यरात्र उलटून गेलेली. सिडनीचे नऊ आपल्या पहाटे साडेतीन-साडेचारला वाजतात. लहान मूल असलेल्या आईने डॉलर बघून न्यूयॉर्क घेण्याआधी हे गणित करावं. मूल शाळेतून येण्याआधी संपणारं दुबईचं काम कमी पैशांचं असलं तरी दहा वर्षं टिकेल. दुसरी गोष्ट नोंदणीची. उद्यम नोंदणी मोफत आहे आणि सेवा देणाऱ्या एकट्या व्यक्तीलाही करता येते. सूक्ष्म उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करायला हवं असा देशातल्या ग्राहकांसाठी कायदा आहे, आणि थकवणाऱ्याला लिहायच्या पत्रात तो नमूद करता येतो. जीएसटीची नोंदणी सेवा पुरवणाऱ्यांना साधारणपणे वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेचा बँकेचा दाखला मात्र पहिल्या दिवसापासून जपून ठेवावा. पुढे कर्ज मागायला गेल्यावर ‘घरात बसून काय करता’ या प्रश्नाचं उत्तर तोच दाखला देतो.

या पुस्तकाने काय करायचं ठरवलं आणि काय टाळलं, हे वाचकाने जाणून वाचावं. सॉफ्टवेअरची बटणं शिकवण्यावर इथे फार पानं खर्च केलेली नाहीत, कारण बटणं दर वर्षी बदलतात आणि ती शिकवणारे व्हिडिओ फुकट मिळतात. त्याऐवजी पत्रं आहेत. काम मागण्याचं, नकार देण्याचं, चूक कबूल करण्याचं, पैसे मागण्याचं, काम सोडण्याचं पत्र, मराठीत आणि इंग्रजीत. कराराचा मसुदा दोन्ही भाषांत आहे. कमाईचे आकडे कुठेही दिलेले नाहीत, आणि हा निर्णय मला योग्य वाटतो. अशा आकड्यांनीच लोक या क्षेत्रात चुकीच्या घाईने येतात. त्यांच्या जागी स्वतःचा दर काढायची रीत दिली आहे. महिन्याला किती हवेत, त्यात वीज, नेट, दुरुस्ती आणि आजारपण किती, आणि ज्यांचं बिल लावता येईल असे तास खरोखर किती. महिन्याला २० हजार हवे असतील आणि बिलाचे तास ८० भरत असतील, तर खर्च धरण्याआधीच तासाला २५० रुपये होतात. नवख्या मुलीने सांगितलेला दर याच्या निम्माही नसतो, हे कागदावर दिसल्यावर तिला कोणी वेगळं समजवावं लागत नाही.

एक भाग घरच्यांसाठी आहे. सासूबाईंनी, नवऱ्याने, वडिलांनी तो वाचावा अशी अपेक्षा आहे. दार बंद असलेल्या दोन तासांत पाहुणे आले तर चहा कोण करणार, हा प्रश्न आधी सुटला नाही तर तिसऱ्या आठवड्यात काम सुटतं. शर्लीबाईंनी टाइपरायटरची टेप लावून बाळाचा आवाज झाकला. आजच्या मुलीला तसं काही झाकायची वेळ येऊ नये यासाठी घराने काय करायचं, ते तिथे साध्या भाषेत लिहिलं आहे.

आणि शेवटच्या भागात लेखिकेने एक प्रस्ताव मांडला आहे, ज्याची चर्चा व्हावी असं मला मनापासून वाटतं. एकटी व्हीए आजारी पडली, बाळंतपणाला माहेरी गेली किंवा तिच्या गावची लाइट दोन दिवस आली नाही, की क्लायंट तुटतो. म्हणून एका भागातल्या तिघी-चौघींनी मिळून काम घ्यावं. क्लायंटला तसं आधीच सांगावं, प्रत्येक क्लायंटच्या कामाची लेखी पद्धत करून ठेवावी, म्हणजे मुखेडच्या बाईचं काम नायगावची बाई चार दिवस सांभाळू शकेल. पासवर्ड कोणाकडे राहतील, चूक झाली तर भरपाई कोणी द्यायची, सुट्टीतल्या कामाचे पैसे कसे वाटायचे, नवी आलेली किती दिवस शिकाऊ राहील, एखादीने क्लायंट घेऊन वेगळं व्हायचं ठरवलं तर काय, या प्रत्येक प्रश्नावर मसुदा नियम दिलेले आहेत. बचत गटाच्या नियमावलीवरून ते बेतले आहेत. त्यातले काही मला कडक वाटले, विशेषतः वेगळं होणाऱ्या सदस्येने सहा महिने तो क्लायंट घेऊ नये हा. गटाने तो आपापल्या बैठकीत ठरवावा, नियमाशेजारी त्यासाठी जागा मोकळी सोडली आहे.